आपल्या डोमेनच्या नावानं दुसराच कुणी मेल पाठवतोय, खाती उघडतोय : काय करायचं, कुठून सुरुवात करायची

कोल्हापूरच्या एका हॉटेलवाल्या पार्टीचा सकाळी साडेदहाला फोन आला, "ॲडव्हान्स काल टाकलाय, गाडी कधी भरताय?" मी म्हटलं कुठला ॲडव्हान्स, आमच्या खात्यात तर काही आलं नाही. ते म्हणाले तुमच्याच मेलवरून नवीन बँक खातं आलं होतं, त्यावर एक लाख शहाऐंशी हजार टाकले. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघतो, बिलं, मेल, कोटेशन सगळं माझ्याकडं, त्यामुळं त्या क्षणी पोटात गोळाच आला. मालक समोर बसलेले, ते एवढंच म्हणाले, "आपण तर पाठिवलं नाही की ओ काही."

त्या दिवसापासून पुढचे दोन-अडीच महिने जे शिकलो ते इथं लिहितोय. आपल्याकडं चादर, टॉवेल, युनिफॉर्मचे शेकडो कारखाने आहेत, सगळ्यांचा धंदा आता मेल आणि व्हॉट्सॲपवर चालतो, आणि डोमेन म्हणजे काय (मेल पत्त्यात @ च्या पुढं येणारं आपलं नाव) हे मात्र फक्त वेबसाइट करून देणाऱ्या पोराला माहीत असतं. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

सगळ्यात आधी, पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा. ज्याच्या खात्यातनं पैसे गेले त्यानं लगेच 1930 ला फोन करायचा आणि आपल्या बँकेलाही कळवायचं. हा नंबर देशभर एकच आहे. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात पडले तिथं होल्ड लावायचा प्रयत्न होतो, पण चोर तासाभरात ते पुढच्या खात्यात ढकलतो म्हणून इथं मिनिटाला किंमत आहे. कोल्हापूरवाल्यांना मी फोनवरच म्हटलं, माझ्याशी भांडायला दिवस पडलाय, आधी 1930 लावा. त्यांचे थोडे पैसे अडकवता आले, सगळे नाही. परदेशी पार्टी असेल तर त्यांना त्यांच्या बँकेकडून पेमेंट रिकॉल टाकायला सांगा, तेही त्याच दिवशी.

दुसरं, तो मेल जपून ठेवा. इथं बहुतेक जण चुकतात. पार्टी मेलचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवते आणि आपल्याला वाटतं पुरावा मिळाला. स्क्रीनशॉटमध्ये मेल कुठून आला ते दिसतच नाही. पार्टीला सांगायचं की मेल डिलीट करू नका, साधा फॉरवर्डही नको, जीमेलमध्ये तो मेल उघडून उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर जा, 'शो ओरिजिनल' दाबा, आणि तिथून ओरिजिनल डाउनलोड करून ती फाइल अटॅच करून पाठवा. त्या फाइलीत मेलचा पूर्ण प्रवास असतो, कुठल्या सर्व्हरवरून निघाला, किती वाजता, उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार. पुढं पोलिसांना, डोमेन कंपनीला, सगळ्यांना हीच फाइल लागते. केस कोर्टात गेली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, म्हणून कुठल्या मशीनवरून, कुणी, कधी डाउनलोड केलं हे वहीत लिहून ठेवा.

आमच्याकडं आलेला तो मेल मी दहा वेळा तरी वाचला असेन. आमचा लोगो, आमचा खरा जीएसटी नंबर, खाली आमच्याकडून वर्षापूर्वी सोडून गेलेल्या सेल्सवाल्या पोराची सही, प्रोफॉर्मा इन्व्हॉइसचा नंबरसुद्धा बरोबर. फक्त बँक वेगळी. आणि पत्ता? समजा आमचं डोमेन 'अमुकटेरी डॉट कॉम' आहे, तर त्यातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी बसवलेली. मोबाइलच्या स्क्रीनवर ती दोन अक्षरं चिकटून हुबेहूब 'एम' दिसतात. मी स्वतः दोनदा वाचून फसलो, तिसऱ्यांदा मेल कॉपी करून मोठ्या अक्षरात चिकटवला तेव्हा कळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. "आमच्या मेलचा गैरवापर झाला" हे एकच वाक्य असलं तरी त्याच्या आत चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. लोक सरसकट पासवर्ड बदलतात आणि काम झालं म्हणतात, किंवा सरळ पोलीस स्टेशनला जाऊन बसतात. आधी ओळखा आपलं दुखणं कुठलं.

आपलीच मेलबॉक्स फुटली आहे का, हे सगळ्यात आधी बघा

चोराला आमच्या इन्व्हॉइसचा नंबर कसा कळला? दोनच शक्यता, एक तर आमची मेलबॉक्स कुणीतरी वाचत होतं नाहीतर पार्टीची. म्हणून मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. चोर आत शिरला की बहुतेक वेळा एक गुपचूप नियम लावून ठेवतो, 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव नाहीतर सरळ आर्काइव्हमध्ये टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. मग लॉगिन हिस्ट्री बघा, ओळखीचं नसलेलं डिव्हाइस दिसलं तर सगळीकडून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, टू स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणारी सोय) चालू करा, आणि ॲप पासवर्ड किंवा बाहेरच्या ॲपना दिलेली परवानगी असेल तर ती काढून टाका. सोडून गेलेल्या माणसांची खाती चालू आहेत का तेही बघा. आमच्या त्या सेल्सवाल्या पोराचं खातं चालू होतं, पासवर्ड त्याच्या नावापुढं 123. चूक त्याची नाही, बंद करायचं काम माझं होतं.

पत्ता आपलाच, पण मेल आपण पाठवलेला नाही

याला स्पूफिंग म्हणतात. मेल पाठवायची जी मूळ पद्धत आहे ती 1982 ची, तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटामागं कुणीही कुणाचाही पत्ता लिहून पेटीत टाकावं तसं. हे बंद करायला नंतर तीन गोष्टी आल्या, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. तिन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठं आहे ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, टेक्स्ट रेकॉर्ड म्हणून टाकायच्या असतात, रेकॉर्डचे वेगळे पैसे लागत नाहीत.

पण त्याआधी एक अडचण येते आणि आपल्या गावात ती हमखास येते. डीएनएसचं लॉगिन कुणाकडं आहे? वेबसाइट करून देणाऱ्याकडं. डोमेन कुणाच्या नावावर? त्याच्याच. तो आता पुण्याला नोकरीला. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याला फोन करून डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या मेल-मोबाइलवर करून घ्या, ऑटो रिन्यू चालू करा, ट्रान्सफर लॉक लावा, लॉगिनला टू स्टेप लावा. त्या खात्याला जो मेल पत्ता द्याल तो त्याच डोमेनवरचा नको, डोमेन बंद पडलं तर पासवर्ड परत मिळवायचा मेलही येणार नाही. जागेचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? मग डोमेनचं तरी का ठेवायचं.

लॉगिन हातात आलं की एसपीएफ. ही आपल्या डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवायचा त्याची यादी. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट, झोहो, ज्याची सेवा घेतली त्याच्या मदत पानावर तयार ओळ असते, ती जशीच्या तशी कॉपी करा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा, एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असतो, दोन टाकले तर दोन्ही निकामी. आणि त्या यादीतून बाहेर डीएनएस शोध दहाच्या वर जाता कामा नयेत. जुनी बंद केलेली सेवा यादीत राहिली असेल तर काढा, नाहीतर त्या सेवेवरचं दुसरं कुणी तुमच्या नावानं मेल पाठवू शकतं आणि तो खरा ठरतो.

डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारा शिक्का. ॲडमिन पॅनेलमध्ये किल्ली तयार करायची, 2048 बिटची घ्या, ती डीएनएसमध्ये टाकायची, आणि परत पॅनेलमध्ये येऊन चालू करायचं बटण दाबायचं. हे शेवटचं बटण दाबायचं राहून जातं, मी स्वतः आठ दिवस किल्ली टाकून बसलो होतो आणि शिक्का उमटतच नव्हता.

डीमार्क म्हणजे समोरच्या मेल सर्व्हरला दिलेली सूचना, की आमच्या नावाचा मेल या तपासणीत नापास झाला तर त्याचं काय करायचं. तीन पायऱ्या आहेत, नन, क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) आणि रिजेक्ट (घेऊच नका). सुरुवात नन नं करा, म्हणजे काही अडवायचं नाही, फक्त रोजचा रिपोर्ट आपल्या पत्त्यावर मागवायचा. रिपोर्ट बघून दचकू नका, तो एक्सएमएल फाइलीत येतो, वाचून दाखवणारी मोफत टूल नेटवर आहेत. तीन-चार आठवडे बघायचं की आपल्या नावानं कोण कोण मेल पाठवतंय. त्यात आपलेच विसरलेले निघतात, टॅलीतून जाणारी बिलं, वेबसाइटचा एन्क्वायरी फॉर्म, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायला घेतलेली कुठलीतरी सेवा. ते सगळे एसपीएफ-डीकिममध्ये बसवले की क्वारंटाइन करा, मग काही आठवड्यांनी रिजेक्ट. घाईनं पहिल्याच दिवशी रिजेक्ट टाकलं तर स्वतःचीच बिलं पार्टीला पोचणार नाहीत. आणि उलट, ननवरच वर्षानुवर्षं थांबलात तर चोराला काहीच अडचण नाही, ननचा अर्थच "बघतोय, जाऊ द्या" असा आहे. गूगल आणि याहूनं फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलंय, आपण तेवढे मेल पाठवत नाही, पण आपला खरा मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणूनही हे करून घ्या.

घेऊन ठेवलेली पण न वापरलेली डोमेनं असतात ना, डॉट इन, डॉट नेट वगैरे, त्यांनाही एसपीएफमध्ये 'कुणालाच परवानगी नाही' आणि डीमार्कमध्ये थेट रिजेक्ट लावा. तिथून आपण मेल पाठवतच नाही, मग भीती कसली.

मिळतंजुळतं डोमेन

आमचं दुखणं हे होतं आणि यात वरचं सगळं करूनही उपयोग होत नाही, हे नीट समजून घ्या. त्या खोट्या मेलचं 'शो ओरिजिनल' बघितलं तर तिन्ही ठिकाणी पास लिहिलेलं, एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. मी चक्रावलो. मग कळलं की चोरानं स्वतःच्या खोट्या डोमेनवर तिन्ही गोष्टी नीट लावल्या होत्या. पास म्हणजे मेल लिहिलेल्या डोमेनवरूनच आलाय एवढंच, ते डोमेन आपलं आहे असं नाही.

इथं आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांचा जगभरचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर ते खोटं डोमेन टाका. कधी घेतलं ती तारीख दिसते, आमच्या केसमध्ये पार्टीला मेल जायच्या फक्त 4 दिवस आधीची. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचं नाव आणि तिचा ॲब्यूज तक्रारीचा पत्ता तिथं असतो. त्यांना लिहायचं. रागानं लांबलचक लिहू नका. खोटं डोमेन, खरं डोमेन, कुठल्या तारखेला फिशिंगचा (खोटं नाव लावून फसवणारा) मेल गेला, किती पैसे गेले, सोबत ती ओरिजिनल फाइल आणि कंपनीचा पुरावा, बस. एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या करारात स्पष्ट कलम आहे की फिशिंगचा वापरता येण्याजोगा पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारनं ते थांबवायला तातडीनं पाऊल उचलायचं, पत्रात त्याचा उल्लेख करा. "आमच्या ट्रेडमार्कशी साम्य आहे" एवढंच लिहिलंत तर ते तुम्हाला कोर्टाकडं बोट दाखवतील, म्हणून 'फिशिंग' हा शब्द आणि पुरावा पहिल्याच ओळीत हवा. मेलची सेवा दुसऱ्या कंपनीची असेल तर, तिचं नाव ओरिजिनल फाइलीत दिसतं, तिलाही वेगळी तक्रार करा. आमची पहिली तक्रार तयार उत्तर येऊन बंद झाली होती, मी मराठीत बोलतो तसं इंग्रजीत पानभर लिहिलं होतं. दुसरी सात ओळींची पाठवली, आणि तीन दिवसांत डोमेन बंद.

डोमेन बंद करून भागत नसेल, ते आपल्यालाच हवं असेल, तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी निक्सीची (डॉट इनचा कारभार बघणारी संस्था) आयएनडीआरपी अशी तक्रारीची पद्धत आहे. नाव आपल्या नावाशी गोंधळ होईल इतकं सारखं, समोरच्याचा त्यावर खरा हक्क नाही, आणि हेतू वाईट, हे दाखवावं लागतं. डब्ल्यूआयपीओकडं (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचाची यूडीआरपी फी 1500 डॉलर आहे, म्हणून छोट्या कारखान्याला मी पहिल्या फेरीत हे सुचवणार नाही. त्यापेक्षा नावाचा ट्रेडमार्क करून घ्या, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4500 रुपये आहे, तो पुढं फेसबुक, इन्स्टाग्राम, विक्रीची पोर्टलं सगळीकडं कामाला येतो. आणि ध्यानात ठेवा, सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण तो सगळ्या गावाच्या मालाचा, तो तुमच्या फर्मच्या नावाचं रक्षण करत नाही.

आपल्या पत्त्यावर दुसऱ्यानंच उघडलेली खाती

हे आम्हाला शोधाशोध करताना सापडलं. एका विक्री पोर्टलवर आमच्या डोमेनवरचा 'एक्स्पोर्ट' नावाचा पत्ता देऊन कुणीतरी सेलर खातं उघडलेलं. असा पत्ता आम्ही कधी बनवलाच नव्हता! काही पोर्टलं मेल पडताळायच्या आधीच प्रोफाइल दाखवायला लागतात, म्हणून हे शक्य होतं. दुसरं कारण कॅचऑल, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही नावाला आलेला मेल एकाच बॉक्समध्ये पडायची सोय, त्या बॉक्सचा पासवर्ड फुटला की चोर हवा तेवढ्या पत्त्यांवर खाती उघडून पडताळणीची लिंकही दाबू शकतो. कॅचऑल बंद करा.

खातं सापडलं तर त्यानं पडताळणी केलीय का ते आधी बघा. तो पत्ता आपण ॲडमिनमधून तयार केला तर 'पासवर्ड विसरलो'चा मेल आपल्याकडंच येईल, हे खरं, पण अनोळखी माणसानं उघडलेल्या खात्यात असं शिरून आतलं डिलीट करत बसू नका, पुरावाही जातो आणि उद्या प्रश्नही तुम्हालाच विचारले जातील. आधी त्या पोर्टलला लिहा, डोमेन आमचं आहे, हवं तर तुम्ही सांगाल तो टेक्स्ट रेकॉर्ड डीएनएसमध्ये टाकून सिद्ध करतो. हे वाक्य फार कामाचं आहे, लेटरहेडपेक्षा डीएनएसचा रेकॉर्ड ते लगेच मानतात. जुन्या कामगारानं कंपनीच्याच कामाला उघडलेलं खातं असेल तर मात्र रीसेट करून ताब्यात घ्या. गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिनमध्ये आपल्या डोमेनच्या पत्त्यावर उघडलेली खाजगी गूगल खाती दाखवणारं टूल आहे, मायक्रोसॉफ्ट आणि ॲटलासियनकडंही डोमेन सिद्ध करून अशी खाती ताब्यात घ्यायची सोय आहे.

आपल्या नावाचं साधं जीमेल, फेसबुक पेज किंवा व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर त्याच ॲपमधनं रिपोर्ट करा, उत्तर नाही आलं तर त्यांच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, 2021 च्या आयटी नियमांमुळं असा अधिकारी नेमून त्याचा पत्ता जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. तिथंही समाधान नाही झालं तर तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं.

पोलीस

पैसे पार्टीचे गेले म्हणून तक्रार फक्त पार्टीनं करायची असं नाही. आपल्या नावाचा वापर झाला ही आपली वेगळी तक्रार आहे, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ती नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपा. आयटी कायद्याचं कलम 66सी ओळख चोरण्याबद्दल आणि 66डी कॉम्प्युटर वापरून तोतयेगिरीनं फसवण्याबद्दल आहे, दोन्हींना 3 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड. सोलापुरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अशा दोन हद्दी आहेत, "तुमचं आमच्याकडं येत नाही" असं ऐकावं लागलं तर शांतपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. सोबत प्रिंट न्या, पेनड्राइव्हमध्ये ओरिजिनल फाइल न्या, आणि एका पानावर तारीखवार काय घडलं ते लिहून न्या. ते एक पान असलं की समोरच्या हवालदार साहेबांचं कामही सोपं होतं, मला तिथं खरंच नीट वागणूक मिळाली. स्पूफिंग-फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला (सायबर घटना बघणारी केंद्र सरकारची संस्था) कळवायचा 2022 चा आदेशही आहे, ते मेलनं कळवता येतं.

पार्ट्यांना कळवायचं की नाही यावर आमच्या ऑफिसात भांडण झालं. मालकांना वाटत होतं नाव खराब होईल. मी हट्ट धरला, कारण पुढची पार्टी फसली असती तर नाव जास्त गेलं असतं. मग सगळ्या पार्ट्यांना फोन केले, मेल नाही, फोन. मजकूर साधा होता, आमच्या नावानं खोटा मेल फिरतोय, आमचं बँक खातं बदललेलं नाही आणि बदललं तर मेलवर कधीच कळवणार नाही, मालक स्वतः फोन करतील, आणि तुम्हीही तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर उलटा फोन करून खात्री करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. एकशे बारा पार्ट्या होत्या, तीन दिवस लागले. त्यातल्या दोघांनी सांगितलं की असाच मेल त्यांनाही आलाय आणि ते पैसे टाकायच्याच बेतात होते.

आता प्रत्येक प्रोफॉर्मावर खाली हेच वाक्य मराठी आणि इंग्रजीत छापलेलं असतं. महिन्यातून एकदा मी आमच्या नावाचे अक्षर फिरवलेले प्रकार लुकअपमध्ये टाकून बघतो, अर्धा तास जातो. कोल्हापूरवाल्यांनी परवा चारशे टॉवेलची नवीन ऑर्डर दिली, आणि पैसे टाकायच्या आधी मालकांना फोन करून खात्याचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवायला लावले.